छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचला गर्दी परत कशी आणायची: एप्रिलपासून सीझन संपेपर्यंतची सगळी कामं, क्रमाने

आपल्याकडून स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलेली बरीच मुलं छोट्या कॉलेजांच्या अ‍ॅथलेटिक्स ऑफिसात जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट) म्हणून लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात बॉस सांगतो की यंदा जिममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, माणसं दिसली पाहिजेत. मग ती मला फोन करतात. मी इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजात सात सीझन गेम-डेचं काम केलंय. फोनवर जे ऐकते ते जवळजवळ दर वेळी तेच असतं, आधी टी-शर्ट छापले, मग इन्स्टावर पोस्टर टाकले, मग मॅच झाली, मग विचार सुरू केला. क्रम पूर्ण उलटा. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

हे डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांच्या एनसीएए संघटनेचा तिसरा स्तर), एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना) असल्या कॉलेजांसाठी आहे, जिथे जिममध्ये हजार-दीड हजार सीट आणि मॅचला दीडशे माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंचे आईबाप. ड्यूक-केंटकीसारख्या बड्या टीमचे व्हिडिओ बघून इथे काही करायला जाऊ नका, तिथे लोकांना तिकीट मिळत नाही म्हणून ते रांगा लावतात, आपला प्रॉब्लेमच वेगळा आहे.

## १. एप्रिल: आधी खरा आकडा काढा

बॉक्स स्कोअरवर (मॅचच्या आकडेवारीच्या तक्त्यावर) जी अटेंडन्स छापलेली असते ती बऱ्याच ठिकाणी कुणीतरी स्कोअरर टेबलावरून मान वळवून अंदाजाने टाकलेली असते. तिच्यावर प्लॅन करू नका. हे वाचताना सीझन चालू असेल तर उरलेल्या मॅचना, नाहीतर पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचपासून, हातात क्लिकर घेऊन चार वेळा मोजा: मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, पहिल्या हाफच्या मध्यावर, हाफटाइमनंतर लगेच, आणि शेवटच्या पाच मिनिटांत. मोजताना विद्यार्थी, आपले पालक, पाहुण्यांचे पालक आणि गावातले लोक असे चार कप्पे ठेवा. वुमेन्सची मॅच आणि मेन्सची मॅच वेगवेगळी मोजायची.

एवढं केलं की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसतात. आमच्याकडे एका सीझनमध्ये टी-शर्ट वाटपाला दारात मस्त गर्दी झाली, सगळे खूश, आणि हाफटाइमनंतरच्या मोजणीत कळलं की पोरं शर्ट घेऊन होस्टेलला परत गेली. एकच आकडा घेतला असता तर तो प्रयोग आम्ही यशस्वी समजून पुढच्या वर्षी परत केला असता.

तपासा: चारही वेळचे आकडे लिहिलेत का, किंवा पहिल्या मॅचपासून ते कोण लिहिणार हे ठरलंय का? दोन्ही नसेल तर पुढे जाऊ नका, नंतर काय चाललं आणि काय नाही हे सांगता येणार नाही.

## २. मे ते ऑगस्ट: तेरातल्या चारच मॅच निवडा

साधारण बारा-तेरा होम मॅच असतात. सगळ्या भरायला गेलात तर एकही भरणार नाही. चार निवडा, त्या चार जीव तोडून करा, बाकीच्या नीटनेटक्या पार पाडा.

निवडताना कॅलेंडर समोर ठेवा आणि नको त्या तारखा आधी खोडा. इंडियानात शुक्रवारची संध्याकाळ हायस्कूल बास्केटबॉलची, त्या रात्री गाव तिकडे असतं, तुमच्याकडे येणार नाही. मिडवेस्टच्या छोट्या गावांत बुधवारी संध्याकाळी चर्चचे कार्यक्रम असतात, आणि डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचे गट) नेमक्या बुधवार-शनिवार खेळतात, म्हणजे बुधवारी गावातली कुटुंबं मिळणं अवघड. थँक्सगिव्हिंगच्या आसपास कॅम्पस रिकामं, आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीत बऱ्याच दिवसांपर्यंत विद्यार्थी घरी.

मी मॅच अशा वाटते: वीकनाइटची मॅच विद्यार्थ्यांसाठी, शनिवार दुपारची मॅच लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी, सुट्टीतली मॅच गावातल्या एखाद्या ग्रुपसाठी. एकाच मॅचमध्ये सगळ्यांना बोलवायचा मोह होतो, तो आवरा, कारण विद्यार्थ्यांना हवा असलेला धिंगाणा आणि पाच वर्षांच्या पोराच्या आईला हवी असलेली दुपार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक मॅच शेजारच्या कॉलेजविरुद्धची घ्याच. मिशिगनमधल्या होप आणि कॅल्व्हिनकडे बघा, दोन्ही डिव्हिजन थ्री, एक हॉलंड नावाच्या गावात आणि एक ग्रँड रॅपिड्सला, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, आणि त्यांची मॅच एकदा ग्रँड रॅपिड्सच्या वॅन अँडेल अरीनात अकरा हजारांवर लोकांनी पाहिलीय. तिथे दोन्हीकडचे माजी विद्यार्थी एकाच भागात राहतात, एकाच ऑफिसात कामाला जातात, सोमवारी एकमेकांना तोंड दाखवावं लागतं. तुमच्यासाठीही कोण हे नकाशावर बघा. पाच तास लांबची नंबर वन टीम आली तरी एवढं रक्त तापत नाही.

सावधान: कॉन्फरन्सच्या तारखा हलत नाहीत, पण नॉन-कॉन्फरन्स मॅचच्या तारखा आणि वेळा कोच लवकर ठरवतात. तुमचं म्हणणं उन्हाळा लागायच्या आत त्यांच्या कानावर घाला. सप्टेंबरमध्ये गेलात तर उशीर झालेला असतो.

## ३. सप्टेंबर: जिम लहान करा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक हिनेच पडतो. दीडशे माणसं दीड हजार सीटमध्ये पसरली की जिम मेल्यासारखं वाटतं, तीच दीडशे माणसं खांद्याला खांदा लावून एका बाजूला बसली की आवाज होतो. लोक रिकाम्या जागा बघतात आणि मनात ठरवतात की इथे काही नसतं.

सरकणारे ब्लीचर्स (पायऱ्यांसारखी बाकं) असतील तर एक बाजू पूर्ण बाहेर काढूच नका, खालच्या ओळीच काढा. वरचा मजला असेल तर दोरी लावून बंद करा, मोठी मॅच असेल तेव्हाच उघडा. कोपरे काळ्या पडद्याने झाका. गर्दी वाढली तर ब्लीचर्स उघडता येतात, आणि 'आज वरचं उघडावं लागलं' ही बातमी कॅम्पसवर कुठल्याही पोस्टरपेक्षा भराभर पसरते.

मग स्टुडंट सेक्शन, म्हणजे ओरडणाऱ्या विद्यार्थ्यांची ठरलेली जागा. तो आपल्या बेंचच्या मागे ठेवायची चूक फार ठिकाणी दिसते. आपल्या खेळाडूंच्या पाठीमागे ओरडून काय मिळणार? दुसऱ्या हाफमध्ये पाहुणी टीम ज्या बास्केटवर शूट करणार त्या बेसलाइनच्या (बास्केटखालच्या रेघेच्या) मागे ठेवा, म्हणजे मॅच अटीतटीची असताना त्यांचे फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) तुमच्या पोरांच्या समोर पडतात. ते बास्केट कुठलं हे बेंच कुठे आहेत त्यावरून ठरतं, आपल्या कोचला विचारून खात्री करा. जागा ब्लीचर्सची पहिली ओळच द्या, उभं राहायची परवानगी द्या, आणि सेक्शन सुरुवातीला मुद्दाम लहान ठेवा, चाळीस जणांचा. चाळीसात पस्तीस आले तर भरलेला दिसतो, दोनशेत पस्तीस आले तर पोरांना लाज वाटते आणि ती पुढच्या वेळी येत नाहीत.

स्पीकर कुठे आहेत तेही बघा. स्टुडंट सेक्शनच्या डोक्यावर मोठा स्पीकर असेल तर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही आणि दहा मिनिटांत सगळे गप्प होतात.

सावधान: व्हीलचेअरच्या जागांसमोर उभे राहणारे विद्यार्थी येता कामा नयेत, त्यांना कोर्ट दिसलंच पाहिजे. आणि दोरी-पडदे लावताना बाहेर पडायचे रस्ते मोकळे आहेत का हे फॅसिलिटीज विभागाला दाखवून घ्या.

## ४. सप्टेंबर-ऑक्टोबर: तीस जण पक्के करा

पोस्टरने तीनशे लोक येत नाहीत. तीस जण ठरवून आले, दर वेळी आले, त्याच जागी उभे राहिले, की बाकीचे त्यांच्याभोवती जमतात. हे तीस शोधणं म्हणजे खरं काम, आणि ते एकेकाशी बोलूनच होतं.

सुरुवात इतर टीमपासून करा. डिव्हिजन थ्रीमध्ये अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप नसते, तरी विद्यार्थ्यांतला मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या टीममध्ये असतोच. सॉकर, फुटबॉल, व्हॉलीबॉलचे सीझन नोव्हेंबरात संपत आलेले असतात, ती पोरं मोकळी होतात आणि त्यांना ओरडायचं कसं ते माहीत असतं. पण ती फुकट येणार नाहीत. आधी तुमच्या बास्केटबॉलच्या दोन्ही टीम सप्टेंबरमध्ये त्यांच्या मॅचना गेल्या पाहिजेत, जर्सी घालून, सगळ्याच्या सगळ्या, आणि शेवटपर्यंत थांबल्या पाहिजेत. कोचला हे पटवणं तुमचं काम. मी पाहिलेल्यात याच्याइतका हमखास उपाय दुसरा नाही, आणि याला एक डॉलरही लागत नाही.

दुसरं ठिकाण होस्टेल. आरएला (मजला सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला) गाठा, एका मजल्याला एक मॅच द्या. फर्स्ट-इयरची पोरं पहिल्या सहा आठवड्यांत जी सवय लावतात ती पुढे टिकते, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना एकदा तरी जिममध्ये आणा, मॅच नसेल तर प्रॅक्टिसला आणा.

तिसरं, इंटरनॅशनल स्टुडंट. आपली पोरं मॅचला का येत नाहीत म्हणून विचारलं तर बहुतेकांनी सांगितलं की नियम कळत नाहीत आणि कुणी बोलावलं नाही. पंधरा मिनिटांत कोर्टवर उभं करून समजावा: थ्री पॉइंटर काय, फाऊल कधी, शॉट क्लॉक (शूट करायची मुदत) तीस सेकंदांचं, मेन्सला वीस मिनिटांचे दोन हाफ आणि वुमेन्सला दहा मिनिटांचे चार क्वार्टर. एवढ्यावर काम भागतं.

घोषणा शिकवायच्या आधी पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाची आठवण काढा. भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' म्हटल्यावर जे होतं, ते का होतं? एक जण विचारतो, सगळे उत्तर देतात, उत्तरात कॉलेजचं नाव असतं, आणि नवीन आलेल्या पोराला पहिल्याच मिनिटात ते येतं. घोषणा तशीच हवी, चार शब्दांच्या आतली, सवाल-जवाबाची. चार घोषणा पुरे: बचावाला एक, आपल्या बास्केटला एक, पाहुण्यांच्या फ्री थ्रोला एक, आणि शेवटी कॉलेजच्या नावाची. छापील कागदावर बारा घोषणा वाटणारे मी पाहिलेत, ते कागद नंतर ब्लीचर्सखाली सापडतात.

सावधान: समोरच्या खेळाडूच्या घरचे, वंश, देश, शरीर, खासगी आयुष्य यावर एक शब्दही नाही. हे पहिल्या मीटिंगमध्येच तोंडावर सांगा, आणि जो ऐकणार नाही त्याला बाहेर कोण काढणार हेही ठरवा. एका रात्रीच्या घाणेरड्या ओरडण्याने वर्षभराचं काम मातीत जातं, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर सेक्शनच बंद करून टाकतात.

तपासा: तीस नावं आणि फोन नंबर तुमच्या वहीत आहेत का? 'ग्रुपवर दोनशे जण आहेत' हे उत्तर चालत नाही.

## ५. एकच प्रथा, आणि ती वर्षातून एकदाच

इंडियानातल्या अपलंड गावात टेलर युनिव्हर्सिटी आहे, एनएआयएची. तिथे डिसेंबरमध्ये परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी 'सायलेंट नाइट' असते: विद्यार्थी चित्रविचित्र वेश करून येतात, आपल्या टीमचा दहावा पॉइंट होईपर्यंत अख्खं जिम चिडीचूप, आणि दहावा पॉइंट पडला की छप्पर उडतं. याच्यात शिकण्यासारखं काय ते नीट बघा. नियम एका वाक्यात सांगता येतो. बास्केटबॉल कळत नसला तरी भाग घेता येतो. तारीख ठरलेली आणि पोरांना परीक्षेआधी मोकळं व्हायला हवं असतं तेव्हाची. आणि वर्षातून एकदाच. दर मॅचला गप्प बसा म्हटलं असतं तर दुसऱ्याच मॅचला मेलं असतं.

बहुतेक जण हीच उचलतात. उचलू नका, टेलरची नक्कल म्हणूनच ओळखली जाईल. तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात काय आहे त्यातून काढा, आणि ते तुमच्या तीस जणांनाच काढू द्या. ऑफिसने ठरवलेली प्रथा मी एकदाही रुजलेली पाहिली नाही.

सावधान: कोर्टवर काही फेकायची प्रथा नको. अर्कान्सासच्या जॉन ब्राउन युनिव्हर्सिटीत बरीच वर्षं होम ओपनरच्या (घरच्या जिममधल्या पहिल्या मॅचच्या) पहिल्या बास्केटला हजारो टॉयलेट पेपर रोल कोर्टवर यायचे आणि त्याबद्दल टीमला टेक्निकल फाऊल (शिस्तीचा दंड, समोरच्यांना फ्री थ्रो) बसायचा. तिथे सगळ्यांना ते माहीत होतं, मान्य होतं. तुमच्या कोचला ते पॉइंट महाग पडतील.

## ६. गाव: हाफटाइमला लहान मुलं खेळवा

शनिवारच्या मॅचसाठी याहून चांगलं काही नाही. तिसरी ते सहावीच्या मुलांच्या दोन टीम, प्रत्येकी आठ-दहा मुलं, हाफटाइमला खऱ्या कोर्टवर, खऱ्या घड्याळावर. एका मुलामागे आई, बाबा, भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात. मुलाला तिकीट नाही, मोठ्यांना साधं तिकीट.

क्रम असा. ऑगस्टमध्ये शाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी आणि गावातल्या यूथ लीगशी बोलणी. ऑक्टोबरमध्ये पालकांची लेखी संमती. मॅचच्या आठवड्यात एकाच माणसाकडे सगळी यादी. मेन्सच्या मॅचला हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो, पण टीम वॉर्म-अपला परत येतात म्हणून तुमच्या हातात खरी सहा-सात मिनिटंच, त्यात मुलांना आत आणणं आणि बाहेर नेणं धरा. माइकवर बोलणाऱ्याने प्रत्येक मुलाचं पहिलं नाव घ्यायचं. नाव राहिलं तर ती आई पुढच्या वर्षी येणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पण मुलं खेळून झाली की कुटुंबं उठून जातात, ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय: मॅच संपल्यावर पंधरा मिनिटं कोर्ट मुलांसाठी उघडा, खेळाडूंसोबत शूट करायला. हे हाफटाइमलाच माइकवरून सांगा. मग कुणी हलत नाही.

हे सगळं वुमेन्सच्या मॅचलाही तेवढंच करायचं, बँडसुद्धा, चीअरलीडरसुद्धा. प्रसिद्धी आणि असा सगळा सपोर्ट टायटल नाइनखाली बघितला जातो, शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभाव नको सांगणारा १९७२ चा कायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, वुमेन्सची मॅच आधी असेल आणि ती ओस पडली तर मेन्सच्या मॅचला वातावरण शून्यातून उभं करावं लागतं.

सुट्टीतल्या जानेवारीच्या मॅचला आपलं मराठी मंडळ कामाला येतं. तेव्हा विद्यार्थी नसतात, नेमकी संक्रांत असते, आणि थंडीत घरात कोंडलेल्या मंडळींना मुलांना कुठे न्यावं हा प्रश्न असतो. आम्ही एका वर्षी मंडळाला एकत्र सीट दिल्या, हाफटाइमला पाच मिनिटं लेझीम झालं, काकू-काका तिळगूळ घेऊन आले होते ते पाहुण्या टीमच्या पालकांनाही वाटलं. त्यातली चार कुटुंबं नंतर स्वतःहून यायला लागली. एक लक्षात ठेवा, ढोल-ताशा आणायचा असेल तर हाफटाइम आणि टाइमआउटलाच, खेळ चालू असताना वाद्यं आणि स्पीकरवरचं संगीत नियमात बसत नाही. पथकाच्या लोकांना हात कधी थांबवायचा हे दाखवायला एक माणूस समोर उभा ठेवा.

## ७. मॅचचा दिवस

एका पानावर मिनिटांप्रमाणे कागद बनवा, त्याच्या सहा प्रती काढा: माइकवर बोलणारा, म्युझिक, बँड, तिकीट, स्टुडंट सेक्शनचा म्होरक्या आणि तुम्ही. दार एक तास आधी. बँड वीस मिनिटं आधी, बारा-पंधरा जणांचाही पुरतो, फक्त स्टुडंट सेक्शनला चिकटून बसवा. तुमचे तीस जण वॉर्म-अपलाच जागेवर हवेत, राष्ट्रगीतानंतर धावत आलेला सेक्शन पहिली पाच मिनिटं फुकट घालवतो.

टाइमआउट तीस सेकंदांचाही असतो, म्हणून दीड मिनिटाची कॉन्टेस्ट त्यात घुसवू नका. रेफ्रीने बॉल हातात घेतलाय आणि तुमचा माणूस अजून कोर्टवर माइक घेऊन उभा, हे दृश्य टाळा. छोट्या टाइमआउटला फक्त बँड, लांब टाइमआउटला कॉन्टेस्ट.

खाण्याचं थोडक्यात: वीकनाइटच्या मॅचला पोरं जेवायला जातात आणि परत येत नाहीत. डायनिंगवाल्यांशी बोलून चार मोठ्या मॅचना मील प्लॅनचं स्वाइप (मेसचं कार्ड) जिममधल्या स्टॉलवर चालवा. पॉपकॉर्न दाराजवळ ठेवा, वास बाहेरपर्यंत गेला पाहिजे.

टी-शर्ट द्यायचेच असतील तर शेवटच्या आठ मिनिटांत द्या, आणि स्टुडंट सेक्शनमध्ये उभ्या असलेल्यांनाच.

तपासा: मॅचच्या दुसऱ्या दिवशी चारही आकडे वहीत उतरवा. शेवटच्या पाच मिनिटांचा आकडा हाफटाइमच्या आकड्याच्या जवळ येतोय का ते बघा. एकूण गर्दी वाढायच्या आधी हा फरक कमी व्हायला लागतो, तो दिसला की समजा गाडी रुळावर आहे. पुढच्या मॅचला एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

## ८. फेब्रुवारी: वही दुसऱ्याच्या हातात

चार वर्षांत अख्खं कॅम्पस बदलतं. कोविडच्या २०२०-२१ च्या सीझनमध्ये बऱ्याच जिममध्ये प्रेक्षकच नव्हते, आणि त्या एका वर्षाने सीनियरकडून फर्स्ट-इयरकडे जाणारी साखळी तुटली. आमच्याकडे घोषणा येणारी शेवटची बॅच पास होऊन गेली आणि नवीन पोरांना कुठे उभं राहायचं हेही माहीत नव्हतं. सगळं तोंडी होतं, लिहिलेलं काहीच नव्हतं.

म्हणून शेवटच्या होम मॅचच्या आधी, सीनियर नाइटच्या (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या निरोपाच्या) आठवड्यात, सेकंड-इयरची दोन पोरं निवडा. सीनियर नको, थर्ड-इयर पण नको, कारण त्यांच्याकडे वेळ उरलेला नसतो. त्यांना वही द्या: तीस नावं, चार घोषणा, ब्लीचर्स कुठपर्यंत काढायचे त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, शाळेच्या मुख्याध्यापकांचा आणि डायनिंगवाल्यांचा नंबर, सगळ्या मॅचचे आकडे, आणि काय फसलं त्याची यादी. मग त्या मॅचला सेक्शन त्यांना चालवू द्या, तुम्ही स्कोअरर टेबलाच्या मागे बसा, आणि मार्चमध्ये त्यांना घेऊन पुढच्या सीझनच्या तारखांसाठी कोचच्या ऑफिसात जा.